भातानंतरच्या कांद्यासाठी घेतलेला ७ एचपीचा पॉवर विडर: वापरून झाल्यावरचं मत

पॉवर विडर म्हणजे मागे चालत चालवायचं, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र. यंत्र चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरीच कटकट करणार आहे आणि ती वाचून कुणी घ्यायचा बेत रद्द करू नये. माझी कटकट यंत्राबद्दल थोडी आणि ते ज्या तऱ्हेने आपल्या हातात दिलं जातं त्याबद्दल जास्त आहे.

आमची जमीन अलिबाग तालुक्यात, कार्ले-खंडाळ्याच्या बाजूला. पावसाळ्यात भात, आणि भात कापून झाला की त्याच खाचरांत पांढरा कांदा. खाचरं लहान, मधे बांध, ट्रॅक्टरला वळायला जागा नाही. बैलजोडी आता गावात शोधून सापडत नाही. भाड्याचा मोठा पॉवर टिलर मिळतो, पण तो सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. भाताची जमीन चिकट. आज पाय रुतताहेत म्हणून थांबावं, तर चार दिवसांनी तीच जमीन टणक होऊन ढेकळं निघतात. मधे जो वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, असतो तो टिलरवाल्याच्या वहीत आपला नंबर कधी आहे ते विचारत नाही. म्हणून स्वतःचं यंत्र घ्यायचं ठरवलं. शिवाय घरामागे भाजीचे वाफे आहेत, माठ, मुळा, वाल, तिथेही ते उपयोगी पडेल असा हिचा, म्हणजे बायकोचा, हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला.

माझी नोकरी थळच्या खत कारखान्यात गेली, मेंटेनन्स फिटर म्हणून. त्यामुळे फिरणारी वस्तू दिसली की आधी तिचं झाकण कुठे आहे आणि ती बंद कशी होते एवढंच डोळ्यांना दिसतं. हा स्वभावदोष समजा, पण खालचं मत त्याच डोळ्यांनी बनलेलं आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या वर्गातली बरीच यंत्रं एकाच साच्याची असतात: २१२ सीसीचं चार स्ट्रोक पेट्रोल इंजिन, हवेने थंड होणारं, दोरी ओढून चालू करायचं, ३.६ लिटरची टाकी, दोन गिअर पुढे आणि एक मागे. रंग आणि स्टिकर बदलतात. मी जे लिहितोय ते त्या साच्याला लागू पडेल.

यंत्र दुकानातून खोक्यात आलं. जोडून द्यायला एक मुलगा सोबत आला होता. त्याने हँडल लावलं, पात्यांचे संच दोन्ही बाजूंना सरकवले, पिना टोचल्या आणि म्हणाला, “काका, पेट्रोल टाका आणि ओढा दोरी.” मी विचारलं, “ऑइल?” तर म्हणाला, “कंपनीतून भरूनच येतं.” ऑइलची पातळी बघायची काडी काढून बघितली, कोरडी ठणठणीत. गिअरबॉक्सचं बूच उघडलं तर तिथेही तळाला नुसता ओशटपणा. ही इंजिनं वाहतुकीत ऑइल सांडू नये म्हणून रिकामी पाठवतात, खोक्यावर तसा कागदही चिकटवलेला होता, इंग्रजीत. कुणी त्या मुलाच्या शब्दावर दोरी ओढली असती तर थोड्याच वेळात इंजिन जाम झालं असतं आणि मग वॉरंटीवाल्यांनी ऑइल न भरल्याचा शेरा मारून हात वर केले असते.

ऑइलचं सांगतो, कारण इथे दोन गोष्टी कुणी सांगत नाही. इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. बाटली लिटरची असते आणि उरलेलं कशाला ठेवा म्हणून लोक सगळं ओततात. मग पांढरा धूर येतो आणि फिल्टर ऑइलने भिजतो. दुसरं, यंत्र सपाट जागेवर उभं करून काडी पुसायची आणि पेच न फिरवता नुसती टेकवून बघायची. पेच आवळून काढली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गिअरबॉक्सला वेगळं, जाडं ऑइल लागतं, आमच्या पुस्तिकेत ९० नंबरचं लिहिलं आहे. हवेच्या फिल्टरच्या वाटीतही खुणेपर्यंत ऑइल भरावं लागतं. ती वाटी तर मुलाने उघडूनच बघितली नव्हती.

आता पाती. प्रत्येक पात्याला एक धारेची बाजू असते आणि एक बोथट पाठ. यंत्र पुढे जाताना धार आधी मातीत शिरली पाहिजे. म्हणून डावा संच वेगळा आणि उजवा वेगळा. मुलाने ते अदलाबदल करून लावले होते. असं लावलेलं यंत्र चालतं, हीच खरी पंचाईत. ते माती कापत नाही, मातीवर आपटत पुढे उड्या मारतं, आणि माणूस समजतो की आपली जमीनच कडक आहे किंवा यंत्र कमी ताकदीचं आहे. मग तो हँडलवर जोर देतो. ओळखायची रीत सोपी आहे. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवरची टोपी काढून बाजूला करायची, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, हातमोजा घालून संच हळूहळू पुढच्या दिशेने फिरवायचा आणि जमिनीला आधी काय लागतं ते बघायचं. पिनांचं टोक पूर्ण आरपार आलंय का तेही तेव्हाच दिसतं. मी सगळे नटबोल्ट पाना लावून तपासले, अर्धे हाताने आवळल्यासारखे होते. पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळले, तेव्हाही काही फिरले. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, त्याला इलाज नाही. हे दरवेळी करायचं काम आहे.

जोडणीबद्दल दुकानाला शून्य गुण. फोन केला तेव्हा मालक म्हणाले, “आजवर कुणी तक्रार केली नाही.”

वापराकडे येतो. या यंत्राला चाकं नाहीत असंच समजा. पुढे एक लहान चाक आहे ते ने-आण करण्यापुरतं, काम करताना ते वर उचलून घ्यायचं. पातीच यंत्राला पुढे ओढतात आणि मागे जमिनीत घुसणारा जो लोखंडी दांडा आहे तो ब्रेकचं काम करतो. दांडा वर घेतला तर पाती वरवर खरवडत पळतात, खाली केला तर यंत्र एका जागी थांबून खोल खणतं. एवढं कळलं की निम्मं यंत्र कळलं. कडक जमिनीत दांडा एकदम खाली घालून पहिल्याच हातात, म्हणजे फेरीत, खोल जायची घाई केली, की पाती अडकतात आणि सुटताना सगळं यंत्र हिसका देऊन पुढे झेपावतं. पहिला हात वरवर, धसकटं मोडण्यापुरता. दुसरा आडवा आणि खोल. आमच्या खाचरात पहिला हात तासाला पाच-सहा गुंठे होतो, पेट्रोल तासाला लिटरभर. दुसऱ्या हातानंतर माती कांद्याच्या वाफ्यांना हवी तशी भुसभुशीत होते.

वाफसा मात्र हवाच. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला, की चालवायचं. नुसता दाबला जातोय, फुटत नाहीये, तर घरी बसायचं. ओल्या भातखाचरात पात्यांभोवती चिखलाचे गोळे होतात, मग माणूस ते काढायला हात घालतो. माझ्या मते या यंत्राने होणाऱ्या इजांची सुरुवात तिथेच होते.

म्हणून आमच्या घरात एक नियम आहे आणि तो कारखान्यातून आणलेला आहे. पंप उघडायचा तर आधी वीज तोडायची, कुलूप घालायचं, चिठ्ठी लटकवायची, मगच हात. विडरला कुलूप नाही, पण प्लगची टोपी आहे. पात्यांजवळ हात न्यायचा तर बटण बंद करून थांबायचं नाही, टोपी उपसून दूर ठेवायची. इंजिन बंद असताना पाती हाताने फिरवली आणि गिअर पडलेला, क्लच जोडलेला असला, तर इंजिनही फिरतं, आणि गरम इंजिनाला तेवढं निमित्त पुरतं. पुतण्याला हे जास्तीचं वाटतं. “काका, बटण बंद केलंय ना!” त्याला सांगितलं, बटणाची वायर घासून तुटली तर बटण बंद असूनही ठिणगी पडते. या साच्यात बटण वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडून ठिणगी बंद करतं. वायर तुटली की ठिणगी बंद करणारं कुणी उरत नाही.

आता ज्या भागाबद्दल खरोखर चांगलं लिहायचं आहे तो क्लच. आमच्या यंत्रात डाव्या हाताचा लिव्हर दाबून धरला तरच पाती फिरतात. पडलात, घसरलात, हात सुटला, की पाती थांबली. बाजारात याच्या उलटी यंत्रंही आहेत, मोटरसायकलसारखी, म्हणजे लिव्हर दाबला की थांबतात आणि सोडला की चालतात. तसलं यंत्र हातातून सुटलं तर ते तुमच्याशिवाय पुढे जातं. दुकानात गेलात तर हॉर्सपॉवर नंतर विचारा, आधी हे बघा. इंजिन बंद ठेवून लिव्हर दाबा आणि सोडा, नक्की काय होतं ते विक्रेत्याला दाखवायला लावा.

पण दाबून चालणाऱ्या यंत्रातही एक खोच आहे. घाबरलेला माणूस मूठ आवळतो. आणि ज्याची सगळी हयात मोटरसायकलवर गेली तो थांबायचं म्हटलं की डावा लिव्हर दाबतोच. पुतण्याचं तेच झालं. बांध जवळ आला तसा त्याने लिव्हर आणखी घट्ट दाबला आणि यंत्र बांध चढायला लागलं. मी ओरडलो, “सोड!” त्याने सोडलं, पाती थांबली, बांधाची थोडी माती गेली, तेवढंच. त्यानंतर त्याला इंजिन बंद ठेवून अंगणात उभं केलं आणि “सोड” म्हटलं की दोन्ही हात वर, असा सराव करून घेतला. पोरं हसली. हसू दे. हिने मात्र कधी गाडी चालवलेली नाही, त्यामुळे तिचा हात पहिल्यापासून बरोबर चालतो.

ही चालवते का? चालवते, परसातल्या मऊ वाफ्यांत. यंत्राचं वजन पात्यांसकट ७० किलोच्या पुढे आहे, ते उचलून वळवायचं काम तिचं नाही आणि खरं तर माझंही आता नाही. हँडलची उंची मात्र बदलता येते, हे फार चांगलं. कंबरेच्या बरोबरीला आणलं की जोर खांद्यावर येत नाही. हँडल डावी-उजवीकडे थोडं वळवताही येतं, म्हणजे नुकत्याच मऊ केलेल्या मातीत न बुडता बाजूच्या टणक पट्टीवरून चालता येतं. तिचं मत विचारलं तर ती म्हणते, “काम बेस, पण आवाज मेला डोक्यात जातो.” आवाजाबद्दल तिचं शंभर टक्के खरं आहे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरायचे आणि त्याच्या वर कान झाकल्याशिवाय सोडत नसत. या इंजिनामागे उभं राहून बोलायचं तर शेजारच्या माणसाला ओरडावं लागतं, त्यावरून समजा. कानावर लावायचे मफ स्वस्तात मिळतात. थरथरीने बोटं बधिर होतात, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने हात बदलतो किंवा थांबून पाणी पितो.

कपड्यांचं स्पष्ट लिहितो. साडी नेसून चालवायचं असेल तर पदर आणि निऱ्या घट्ट खोचून वरून जुना शर्ट घालायचा. ओढणी, गळ्यातला टॉवेल, सुटी लुंगी काही नको. पायात चप्पल तर नाहीच. पावसाळी गमबूट लेप्टोपासून (चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापापासून) वाचवतात पण पात्यापासून नाही. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज घ्या. माझे कारखान्यातले जुने अजून टिकून आहेत.

रिव्हर्स गिअर हा या यंत्राचा सगळ्यात वाईट भाग. इतका वाईट की मी तो मशागतीला वापरतच नाही. रिव्हर्समध्ये फिरती पाती तुमच्या पायांकडे येतात, हँडल बरगड्यांकडे, आणि मागे नारळाचं झाड किंवा बांध असला तर तुम्हाला सरकायला जागा नाही. पात्यांवरचा पत्रा मागच्या बाजूने तोकडा आहे, निदान वीतभर तरी आणखी हवा होता. बांधाशी आलो की क्लच सोडतो, न्यूट्रल करतो, हँडल खाली दाबून पुढची बाजू उचलतो आणि वळवतो. वेळ जातो, जाऊ दे. अडकलेलं यंत्र सोडवायला रिव्हर्स लागलाच तर ॲक्सिलेटर अगदी कमी, आणि मागे काय आहे ते आधी मान वळवून बघायचं.

यंत्र आत घालण्याआधी खाचरातून एक चक्कर मारणं आलंच. आमच्याकडे जांभ्याचे तुकडे निघतात, ते पात्याला लागले की गोळीसारखे उडतात, म्हणून पोरंबाळं आणि बघे बांधाच्या पलीकडे. कोंबड्या येऊ नयेत म्हणून वाफ्यांना जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचं कुंपण घालायची इथे सरसकट पद्धत आहे. त्या जाळ्याचा तुकडा मातीत राहिला तर तो पात्यांच्या शाफ्टभोवती असा गुंडाळला जातो की कापून काढायला दुपार जाते, आणि धागा सीलमध्ये शिरला तर गिअरबॉक्सचं ऑइल गळायला लागतं. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद यांचंही तेच. आणि कापलेल्या भाताच्या धसकटांत उंदरांमागे घोणस येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण मुंबईहून येऊन वाडी घेतलेल्यांना सांगतो.

पेट्रोल भरताना यंत्र थंड झालेलं हवं. सायलेन्सर टाकीच्या अगदी शेजारी आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळे बिडीवाला शेजारी उभा नसला तरी बांधाखाली बसलेला चालत नाही. पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू करून बघायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

देखभालीत पहिलं ऑइल २० तासांनी बदललं. काळं आणि चकचकीत कणांचं निघालं, नव्या इंजिनाचं तसंच निघतं. त्यानंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आमच्यासारख्यांचे तास भरत नाहीत, महिने भरतात. कांदा लागला की यंत्र बरेच महिने उभं राहतं, आणि तिथे पेट्रोलचा घोळ होतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. टाकी रिकामी करायची, मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पाती धुऊन, वाळवून, जुन्या ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर जूनपर्यंत गंज चढलाच. यंत्र तिरकं करावं लागलं तर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असंच करायचं.

पैशाचं. मला सगळं मिळून ३१,५०० रुपये पडले. शेतीच्या अशा यंत्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावर ५ च लावलाय ना ते वाचून बघा. कच्च्या पावतीवर घेऊ नका, वॉरंटीही जाते. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. हा क्रम उलटा केला तर बिल कितीही खरं असलं तरी चालत नाही. अनुदानाला यंत्र तपासणी झालेल्या मॉडेलांपैकी लागतं, म्हणून दुकानदाराकडे आधी टेस्ट रिपोर्ट मागा. मला वाफसा गाठायचा होता, मी थांबलो नाही, पदरचे घातले.

कुणी घ्यावं? ज्यांची पाव ते एक-दीड एकर भाजी-कांद्याची जमीन आहे, तुकडे लहान आहेत, आणि घरात पाना हातात धरणारं एक तरी माणूस आहे त्यांनी. फक्त घरामागची बाग असेल तर ७ एचपी जास्त आहे, दोन-अडीच एचपीचं हलकं यंत्र बघा, ते बायका-म्हातारे सुद्धा उचलून फिरवतात. उताराच्या वरकस जमिनीवर हे नेऊ नका. आडवं चालवलं तर कलंडतं, आणि उभ्या उताराला खाली जाताना दांडा धरत नाही.

गावातले बरेच जण भाड्याने मागतात. नुसतं यंत्र देत नाही, सोबत मी येतो. पेट्रोल तुमचं, वाफसा मी बघणार, आणि जमीन ओली निघाली तर चहा पिऊन परत जाणार.